दारासुरमचे राजराज आणि नाण्यांचे वजन

कुंभकोणमला लागून असलेल्या दारासुरम् गावाचे जुने नाव राजराजपुरम्. दुसरा राजराज चोळ (इ.स. सुमारे ११४६ ते ११७३) याने येथे ऐरावतेश्वराचे मंदिर उभारले, २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. लोकांच्या तोंडी झिजत झिजत राजराजपुरमचे दारासुरम् झाले. कावेरीच्या याच खोऱ्यात जुनी नाणी शोधणाऱ्यांच्या हाती चोळांचे एक तांब्याचे नाणे लागते. एका बाजूला उभा राजा, दुसऱ्या बाजूला बसलेली आकृती आणि तिच्याशेजारी ‘श्री राजराज’ ही अक्षरे. लिपी तमिळ नव्हे, नागरी. थोड्या सरावाने मराठी वाचकालाही ती वाचता येते.

वाचता येते म्हणूनच फसगत होते. राजराजाच्या गावात राजराजाचे नाणे मिळाले, तर ते मंदिर बांधणाऱ्याचेच असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण अभ्यासक हा प्रकार पहिल्या राजराजाचा (इ.स. ९८५ ते १०१४) मानतात, म्हणजे मंदिराच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा. शिवाय हाच घाट श्रीलंकेच्या राजांनी पुढे बाराव्या-तेराव्या शतकात उचलला. त्यांच्या नाण्यांवरही तीच उभी आणि बसलेली आकृती, तीच नागरी. फरक एवढाच की ‘श्री’च्या पुढे पराक्रमबाहूसारखे नाव येते. नाण्यावर नेमका ‘श्री’च उरला असेल आणि पुढची अक्षरे चकतीबाहेर गेली असतील, तर राजा कोणता हे सांगणे अवघड.

अक्षरे चकतीबाहेर जाणे ही मात्र टाकसाळीची चूक नव्हे. हाताने घडवलेली चकती ठशापेक्षा अनेकदा लहान असे आणि हातोड्याचा घाव थोडा इकडेतिकडे पडे. आजच्या नाणेसंग्राहकाला ‘चुकीच्या’ नाण्याचे आकर्षण असते, कारण यंत्रयुगात प्रत्येक नाणे सारखे निघणे अपेक्षित आहे. १९५५ साली अमेरिकेतील एक सेंटचा एक ठसा तयार होताना मूळ साच्याचा दाब दोनदा, किंचित फिरून पडला. त्यामुळे साल आणि अक्षरे दुहेरी उमटलेली सुमारे वीस हजार नाणी बाजारात गेल्याचा अंदाज आहे, आणि आज त्यांना मोठी किंमत मिळते. तो निकष चोळांच्या काशाला किंवा आपल्या शिवराईला लावता येत नाही. शिवराईवरचे ‘छत्रपति’ अनेक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. त्यातून ठसा कोरणारे हात वेगळे होते एवढेच कळते. जिथे प्रमाणच हाताने ठरते, तिथे चूक कशाला म्हणायचे?

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर एका गणितज्ञाने दिले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना संख्याशास्त्राला योग्य असा प्रत्यक्ष प्रश्न शोधत होते. तो त्यांना चांदीच्या आहत नाण्यांत सापडला. १९४० च्या सुमारास त्यांनी तक्षशिलेच्या भीर टेकाडावरील साठ्यांच्या वजनांचा अभ्यास केला. त्यांतील १९२४ साली मिळालेल्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची जवळजवळ कोरी नाणी, त्यामुळे काळाचा अंदाजही बांधता येत होता.

कोसंबींचा तर्क साधा होता. टाकसाळीतून निघताना नाण्यांच्या वजनांत थोडा फरक असतोच. ती त्या टाकसाळीची स्वाभाविक चूक. नाणे हातोहात फिरू लागले की दरवर्षी थोडा धातू झिजतो, पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणून काळ जातो तसे सरासरी वजन घटते आणि वजनांतील विखुरणही वाढते. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान खुणा असतात. त्या जितक्या अधिक तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसले. म्हणजे त्या खुणा चलनात असताना, नाणे वेळोवेळी तपासले गेले तेव्हा पडल्या असाव्यात. ज्यावर साल नाही अशा धातूच्या तुकड्यांतून कालक्रम निघाला, तोही वजनकाट्याच्या आधारे. नंतरच्या मौर्यकालीन नाण्यांत तांबे बरेच वाढलेले आणि वजने अधिक सैल आढळतात. राज्याच्या तिजोरीवरील ताण त्यांनी त्यात वाचला.

या पद्धतीची एक अट कठोर आहे: साठा अखंड हवा. एका सुट्या नाण्याच्या वजनावरून काहीच ठरत नाही. विक्रेता ठसठशीत नाणी वेगळी काढतो आणि गुळगुळीत झालेली भंगारात घालतो, तेव्हा जास्त झिजलेली, म्हणजे अभ्यासाला सर्वांत आवश्यक असलेली नाणीच गाळली जातात. उरलेल्यांची सरासरी मग खोटेच सांगते.

दुसरा घात स्वच्छतेचा. तांब्यावरचा हिरवट थर चिंचेने किंवा लिंबाने घासला की आम्लात तो विरघळतो, वजन घटते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. क्ष-किरण प्रतिदीप्तीने धातूचे प्रमाण नाणे न फोडता मोजता येते, पण ती मोजणी पृष्ठभागापुरतीच असते. चांदी-तांब्याच्या मिश्रधातूत वरच्या थरातले तांबे जमिनीत झिरपून गेलेले असते, म्हणून नाणे प्रत्यक्षाहून अधिक शुद्ध भासते. अशा वेळी आर्किमिडीजची पाण्यात वजन करण्याची जुनी रीत पडताळ्याला अजूनही उपयोगी पडते.

सापडलेल्या नाण्याची पहिली नोंद म्हणून जागा, खोली, सोबतच्या वस्तू आणि न घासता केलेले वजन पुरेसे आहे. जमिनीत दडलेल्या धनाविषयीचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, असे तो सांगतो. मूळ कायद्यातले हे दहा रुपये तेव्हाचे आहेत. आज झिजलेले ‘श्री राजराज’ही ती मर्यादा सहज ओलांडते.