नऊ आण्यांचे पुस्तक

आमच्या सीमाभागात नवे मराठी पुस्तक म्हणजे बहुधा लेखकाचीच पदरमोड. शाळेच्या ग्रंथालयासाठी खरेदी करताना अशा पुस्तकांचा गठ्ठा मी मागे ठेवतो, आणि तो मागेच राहतो. ताराबाई शिंदे आठवल्या की मात्र खजील होतो.

बुलढाण्याच्या या बाईंचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली (ती पुढे कमी झाली) आणि वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी उलट पुरुषांनाच जाब विचारला. भाषा घरातली, बोचरी. पंडिती वळण नाही. माझ्यासारख्या मास्तराने तिथेच लाल शाई उचलली असती. तेच तर त्या पुस्तकाचे बळ!

टीकाकारांत स्वकीयही होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापले, तोवर ९३ वर्षे लोटली होती. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही.

यंदाचा गठ्ठा मी सुटीत घरी आणला आहे.