पाहुणा कार्यकर्ता : सोमनाथ ते शहादा

शहरातील तरुणांनी सुट्टीचे काही दिवस दुर्गम गावी सेवेत घालवावेत, ही कल्पना आज 'स्वयंसेवी पर्यटन' म्हणून विकली जाते. महाराष्ट्राला ती नवी नाही. बाबा आमटे यांच्या सोमनाथ प्रकल्पावर (जि. चंद्रपूर) १९६७ पासून उन्हाळ्यात तरुणांची 'श्रमसंस्कार छावणी' भरू लागली. श्रम शेताला, संस्कार येणाऱ्याला. अधिक लाभ कोणाचा, हे त्या नावातच प्रामाणिकपणे कबूल केलेले आहे!

पण पाहुणा परत गेलाच नाही तर?

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात तापीच्या उत्तरेला शहादा तालुका आहे. १९७२ साली हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत असे. येथील भिल्लांच्या कित्येक जमिनी बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि मूळ मालक सालदार झाले होते. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल नेत्याने लढा आधीच उभारला होता. बाहेरचे सुशिक्षित तरुण त्यानंतर आले. हा क्रम विसरता कामा नये. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. त्या तरुणांपैकी कुमार शिराळकर आयआयटीत शिकलेले अभियंते. त्यांनी पुढचे आयुष्य याच कष्टकऱ्यांत काढले.

गावाला यातून काय मिळाले? अर्ज लिहिणारा, सातबारा वाचणारा, मजुरीचा कायदा समजावणारा माणूस हाताशी आला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ साली झाला, तेव्हा अशा माणसाचे मोल कळले. आठवड्याभराच्या पाहुण्याला तलाठ्याचे दप्तर उमगत नाही. दारूचे गुत्ते फोडायला मात्र भिल्ल स्त्रियांना कोणाची शिकवणी लागली नव्हती.

तरीही सल उरलीच. याच चळवळीतले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' नावाची कविता लिहिली. ज्यांचे दुःख ते व्यासपीठासमोर बसलेले आणि ते दुःख सांगणारे वर उभे, असे तिचे चित्र आहे. टीका शत्रूवर नाही, सोबत्यांवर आहे. म्हणूनच ती अधिक बोचते. वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही जे टाळता आले नाही, ते सात दिवसांच्या शिबिरार्थीला कसे टळावे?

नर्मदाकाठी १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू झाल्या. तिथेही शहरांतून मदतीला माणसे आली, परंतु फळ्यापुढे खोऱ्यातलेच तरुण उभे राहिले आणि मुले आपल्या बोलीत शिकू लागली.