चित्रदूरध्वनी व बधिरांचे संदेशवहन

दूरवर असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना एकमेकांचा आवाज व हलते चित्र एकाच वेळी पोहोचविणाऱ्या साधनास चित्रदूरध्वनी म्हणतात. संगणक व मोबाईल यांवरील आज्ञावलींच्या रूपात तो आता सर्वत्र ‘व्हिडिओ कॉल’ या नावाने ओळखला जातो. ऐकू येणाऱ्या माणसाला दूरध्वनीस मिळालेली चित्राची जोड ही केवळ एक अधिक सोय होती. बधिर माणसाला, विशेषतः सांकेतिक भाषा हीच ज्याची बोलण्याची भाषा आहे त्याला, चित्राशिवाय दूरध्वनी जवळजवळ निरुपयोगी होता. असे असूनही या साधनाची घडण प्रारंभापासून ऐकणाऱ्यांच्या सवयींवरून होत गेली. बधिरांना त्यात जागा मिळाली ती मोडीत निघालेली यंत्रे, त्यांचे स्वतःचे कौशल्य आणि कायदा यांच्या बळावर. या इतिहासाचा मोठा भाग अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशात घडला.

दूरध्वनीच्या शोधाचा उगमच बधिरांच्या शिक्षणात आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) यांच्या आईला फारच कमी ऐकू येत असे. १८७१ पासून बेल बॉस्टन येथे बधिर मुलांना उच्चार शिकवीत. त्यांची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिची श्रवणशक्ती बालपणीच लोहितांग ज्वराने गेली होती. पुढे १८७७ मध्ये तिच्याशी त्यांचा विवाह झाला. आवाजाची आकृती डोळ्यांना दाखविता आली, तर बधिर मुलांना स्वतःचा उच्चार सुधारता येईल, या हेतूने १८७४ मध्ये त्यांनी मृत माणसाच्या कानाचा पडदा व त्यामागील अस्थी वापरून ध्वनीची रेषा काढणारे एक उपकरण तयार केले. इतका पातळ पडदा जर हाडे हलवू शकतो, तर त्याहून मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही, हा विचार त्यांना त्यावरूनच सुचला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले. बधिरांसाठी चाललेल्या खटपटीतून जन्मलेले हे यंत्र पुढील सु. नव्वद वर्षे बधिरांना वापरता आले नाही.

दूरध्वनी घरोघरी पोहोचू लागला, तसतशी बधिरांची अडचण कमी न होता वाढत गेली. डॉक्टरला बोलावणे, नोकरीची चौकशी करणे, दुकानात मागणी नोंदविणे ही कामे पूर्वी सर्वांनाच समक्ष जाऊन करावी लागत. ती दूरध्वनीवर होऊ लागल्यावर बधिर व्यक्तीस शेजाऱ्याची किंवा ऐकू येणाऱ्या स्वतःच्या मुलाची मनधरणी करावी लागे. आठदहा वर्षांच्या मुलाने आईबापांचे पैशाचे व आजारपणाचे व्यवहार परक्या माणसाशी बोलावेत, हा प्रकार कित्येक घरांत नित्याचा होता. मित्राला भेटावयाचे, तर न कळविताच जावे लागे व दार बंद असल्यास परत यावे लागे.

याच काळात सांकेतिक भाषेलाही उतरती कळा आली. मिलान येथे १८८० मध्ये भरलेल्या बधिरशिक्षकांच्या परिषदेने तोंडी उच्चाराच्या पद्धतीस श्रेष्ठ ठरविले आणि अनेक देशांतील शाळांतून हातांच्या खुणांना मज्जाव झाला. बेलही तोंडी पद्धतीचेच कट्टर पुरस्कर्ते होते. खुणांना स्वतःचे व्याकरण असून ती स्वतंत्र भाषा आहे, हे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मांडले. चित्रदूरध्वनीचे पहिले आराखडे झाले तेव्हा हातांकडे कोणाचेच लक्ष का नव्हते, याचे एक कारण येथे सापडते.

चित्र तारेवरून पाठविण्याचे प्रयोग जुने आहेत. ७ एप्रिल १९२७ रोजी वॉशिंग्टनमध्ये बोलणारे हर्बर्ट हूव्हर यांचे चित्र व आवाज न्यूयॉर्क येथे दाखविण्यात आले. तथापि ही सोय एकाच दिशेने होती. जर्मनीत १ मार्च १९३६ पासून बर्लिन व लाइपसिक या शहरांदरम्यान दोन्ही बाजूंनी चित्र दिसणारी सार्वजनिक सेवा सुरू झाली. तिचा महायुद्धात अंत झाला.

१९६४ हे वर्ष या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने ‘पिक्चरफोन’ मांडला. जूनमध्ये न्यूयॉर्क, शिकागो व वॉशिंग्टन येथे त्याच्या सार्वजनिक खोल्या उघडण्यात आल्या. तीन मिनिटांच्या संभाषणास १६ ते २७ डॉलर पडत. पुढे १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे कार्यालयांसाठी ही सेवा महिना १६० डॉलर दराने सुरू झाली. ग्राहक फारसे मिळाले नाहीत आणि काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. या यंत्राच्या पडद्यावर चेहरा व खांदे दिसावेत अशी योजना होती. हात पडद्याबाहेरच राहत.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दुसरा एक प्रयोग यशस्वी झाला. त्याची वाच्यता मात्र कोठे झाली नाही. रॉबर्ट वाइटब्रेख्ट (१९२०–८३) हे जन्मतः बधिर असलेले भौतिकीविज्ञ होते. पॅसाडीना येथील बधिर दंतवैद्य जेम्स मार्स्टर्झ यांनी त्यांना दूरध्वनीच्या तारेवर दूरमुद्रक चालविता येईल काय, असे विचारले. तारकचेरीतून काढून टाकलेले दूरमुद्रक स्वस्तात मिळत. अडचण ते तारेला जोडण्याची होती. कंपनीच्या तारेला परके यंत्र जोडण्यास त्या वेळी बंदी होती. वाइटब्रेख्ट यांनी तार जोडलीच नाही. दूरध्वनीचा उचलून घेतलेला कर्णा एका खाचेत ठेवावयाचा व दूरमुद्रकाच्या स्पंदांचे ध्वनीत रूपांतर करून ते त्याला ऐकवावयाचे, अशी युक्ती त्यांनी केली. पाच स्पंदांच्या बॉडो संकेतासाठी १,४०० व १,८०० हर्ट्‌झ कंप्रतेचे दोन स्वर वापरण्यात आले. तारेवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीमुळे अक्षरांची गल्लत होई. तिचे निवारण हाच या कामातील सर्वांत अवघड भाग होता. रेडवुड सिटी व पॅसाडीना यांदरम्यान या दोघांनी टंकलिखित संभाषण केले. अँड्र्यू सॅक्स हा त्यांचा तिसरा सहकारीही बधिरच होता.

हे अवजड, खडखडणारे यंत्र घरात ठेवण्यास पुष्कळ जागा लागे. पण ज्याच्या घरी खडखडाट ऐकणारे कोणी नाही, त्याला त्याचा त्रास तो काय? घंटेऐवजी दिवा लुकलुके. एकाच वेळी एकालाच लिहिता येत असल्यामुळे ‘आता तुम्ही लिहा’ व ‘संभाषण संपले’ यांसाठी दोनदोन अक्षरांचे संकेत रूढ झाले. १९६८ मध्ये कंपनीने आपले जुने दूरमुद्रक बधिरांना देण्याचे मान्य केले व त्यांच्या वाटपासाठी बधिरांनी स्वतःची संस्था उभारली. त्याच वर्षी केंद्रीय संदेशवहन आयोगाने परकी उपकरणे जोडण्यावरील बंदीही एका निर्णयाने मोडीत काढली. जुने यंत्र मिळवून, ते वाहून आणून, दुरुस्त करून शेजारच्या गावातील बधिर कुटुंबाला देणाऱ्या स्वयंसेवकांचे काम या इतिहासात कोणत्याही शास्त्रीय शोधाइतकेच मोलाचे मानावे लागेल.

दूरमुद्रक असणारा दूरमुद्रक असणाऱ्याशीच बोलू शके. ऐकू येणाऱ्यांशी संबंध जोडण्यासाठी मध्यस्थाची सेवा निघाली : मध्यस्थ बधिराचा मजकूर वाचून दाखवी व उत्तर टंकित करी. प्रथम हे काम स्वयंसेवकांवर चाले. सेंट लुइस येथे पॉल टेलर या बधिर अभियंत्याने अशा सेवेचा पाया घातला. २६ जुलै १९९० च्या विकलांगविषयक अमेरिकन कायद्याच्या चौथ्या प्रकरणाने ती साऱ्या देशात, तीन वर्षांच्या मुदतीत, पुरविणे दूरध्वनी कंपन्यांवर बंधनकारक केले. तथापि हे संभाषण मिनिटाला सु. ६० शब्दांपलीकडे जात नसे आणि ते होते इंग्रजीत. सांकेतिक भाषेत वाढलेल्यास लिखित इंग्रजी ही परभाषाच असते.

हातांच्या खुणांसाठी किती चित्र पुरेसे आहे, या प्रश्नाचा अभ्यास १९८० च्या सुमारास झाला. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९८० मध्ये दाखविले, की पिक्चरफोनला लागणाऱ्या सु. १० लाख हर्ट्‌झ पट्टरुंदीच्या अगदी अल्प अंशातही खुणा समजू शकतात. पुढच्याच वर्षी व्हिव्हियन टार्टर व केनेथ नोल्टन यांनी प्रत्येक हातावर तेरा व नाकावर एक असे २७ चकाकणारे ठिपके लावून बाकी सर्व अंधारात ठेवले. नुसत्या ठिपक्यांच्या हालचालींवरून बधिर व्यक्ती एकमेकांशी बोलू शकल्या. म्हणजे येथे चित्राच्या रेखीवपणापेक्षा गतीला महत्त्व अधिक आहे. ऐकणाऱ्यांचा चित्रदूरध्वनी नेमके उलट करतो : तारेवर ताण आला की आवाज सांभाळतो व चित्र थांबवितो. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने १९९९ मध्ये सांकेतिक भाषा व ओष्ठवाचन यांसाठी स्वतंत्र शिफारसी केल्या. सेकंदाला किमान २० चित्रे असावीत, अशी अपेक्षा त्यांत आहे.

टंकलेखनाऐवजी चित्रातून मध्यस्थी करण्याचा पहिला प्रयोग टेक्सासमध्ये १९९५ मध्ये झाला. दुभाषी बधिर व्यक्तीस पडद्यावर दिसतो आणि दुसऱ्या बाजूशी साध्या दूरध्वनीवर बोलतो. २००० मध्ये आयोगाने या सेवेचा खर्च सार्वजनिक निधीतून देण्याचे मान्य केले. मिनिटांच्या हिशेबाने पैसे मिळत असल्यामुळे कंपन्या बधिरांना यंत्रे फुकट देऊ लागल्या. त्याचबरोबर आपल्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीचा दुभाषी मिळू नये, अशी बांधणीही करण्यात आली; २००६ मध्ये आयोगाने ती नियमबाह्य ठरविली. खोटी संभाषणे घडवून निधीतून पैसे उकळल्याबद्दल नोव्हेंबर २००९ मध्ये २६ जणांवर आरोप ठेवण्यात आले. या प्रकरणाचा डाग सेवेवर काही काळ राहिला, परंतु तिच्या उपयुक्ततेबद्दल शंका कोणी घेतली नाही.

२०१० मध्ये अ‍ॅपल कंपनीने ‘फेसटाइम’ मोबाईलवर आणला, तेव्हा त्याच्या जाहिरातीतच खुणांनी बोलणारे एक जोडपे दाखविले होते. चित्र दाखविणारा दूरध्वनी खिशात आला आणि दोन बधिर व्यक्तींपुरता प्रश्न बराचसा सुटला. तो नव्याने उभा राहिला २०२० मध्ये, करोना साथीमुळे शाळा, कचेऱ्या व न्यायालये पडद्यावर गेल्यावर. झूम या एकाच सेवेवर दररोज सहभागी होणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मधील एक कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेली. मुखपट्टीमुळे समक्ष भेटीत ओठ दिसेनासे झाले होते, ते पडद्यावर दिसत, हा एक फायदा झाला. परंतु अनेकांच्या सभेत जो आवाज करील त्याचे चित्र मोठे होते. खुणांनी बोलणारा आवाज करीत नाही. त्यामुळे तो कोपऱ्यातील छोट्या चौकटीतच राहतो किंवा अजिबात दिसत नाही. बोलणे चालू असताना त्याचा मजकूर पडद्यावर आपोआप उमटविण्याची सोय झूमवर प्रथम पैसे भरणाऱ्यांनाच होती. बधिर व मंदश्रवणी लोकांनी आवाज उठविल्यावर २०२१ मध्ये ती सर्वांना खुली झाली.

मोठ्या चौकटीच्या अडचणीवर गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये सुचविलेला उपाय उद्‌बोधक आहे. त्यांच्या आज्ञावलीस खुणांची हालचाल ओळखता येई, आणि ती ओळखताच सभेच्या ध्वनिमार्गात २०,००० हर्ट्‌झचा, माणसाला ऐकू न येणारा स्वर सोडला जाई. सभेची आज्ञावली त्याला बोलणे समजून खुणा करणाऱ्याला पुढे आणी. वाइटब्रेख्ट यांनी दूरमुद्रकाला दूरध्वनीच्या कानी लावले, तीच ही रीत. यंत्र आवाजच मानते, म्हणून मुक्या हाताला आवाज द्यावयाचा. त्याच वर्षी फेसटाइमने खुणा ओळखण्याची सोय स्वतःच्या रचनेत अंतर्भूत केली. अमेरिकेत ८ ऑक्टोबर २०१० च्या कायद्याने चित्रसभांच्या सेवा बधिरांना वापरता येण्याजोग्या करण्याची जबाबदारी सांगितली होती. पण ती नेमकी कोणत्या सेवांना लागू होते, हे आयोगाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले आणि मजकूर व दुभाषी यांविषयीचे नियम सप्टेंबर २०२४ मध्ये केले.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ७१ हजार होती. दूरमुद्रक व मध्यस्थ यांचा टप्पा येथील बधिरांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही. मोबाईलवरील लघुसंदेशांवरून ते थेट चित्रावर आले, आणि २०१६ नंतर आंतरजालाचे दर उतरल्यावर हा वापर वेगाने वाढला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या ४२ व्या कलमात माहिती व संदेशवहनाची साधने सुलभ करण्याची तरतूद आहे. मुख्य उणीव दुभाष्यांची. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) व दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात (स्थापना २०१५) त्यांचे शिक्षण होते. गरजेच्या मानाने ही संख्या फारच थोडी आहे. हात व मन दोन्ही थकत असल्यामुळे लांबलेल्या कामात दोघांना आळीपाळीने बसावे लागते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या बधिर वकील महिला दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहिल्या. दुभाष्यास आपले चित्र सतत चालू ठेवू द्यावे काय, असा प्रश्न प्रथम निघाला, कारण सुनावणीच्या पडद्यावर दिसण्याचा अधिकार बोलणाऱ्या वकिलांचा समजला जातो. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली आणि न्यायालयाच्या पडद्यावर युक्तिवाद करणाऱ्यांच्या चौकटींबरोबर दुभाष्याची एक लहान चौकट कामकाज चालू असेपर्यंत उघडी राहिली. पुढच्या महिन्यात त्यांच्यासाठी न्यायालयानेच दुभाषी नेमला.