सक्तीच्या पुढची चार वर्षे

शिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा पहिल्या इयत्तेपासून आरंभ होतो आणि साक्षरतेच्या टक्केवारीपाशी कथा संपते. किती मुले शाळेत आली हे आपण मोजतो. परंतु शाळा सोडण्याची कायदेशीर मोकळीक मिळाल्यावरही किती मुले बाकावर बसून राहिली आणि ती का राहिली, याची विचारपूस फारशी होत नाही. आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत तो विषय हाच. कायद्याची सक्ती चौदाव्या वर्षी संपते. तेथून अठराव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे साधारणतः नववी ते बारावीचा, आपल्या वाशीम भागातील इतिहास काय सांगतो? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सक्ती संपल्यावर मुलाला शाळेत धरून ठेवले ते जवळच्या वर्गाने, वसतिगृहातील भाकरीने आणि वेळेवर येणाऱ्या गाडीने.

प्रथम ही वयाची रेघ कशी सरकत आली ते पाहू. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणी होती. नामदार गोखले यांनी १९११ साली विधेयक आणले. त्यांची मागणी त्याहूनही बेताची होती. सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती, आणि तीही स्थानिक संस्थांच्या इच्छेने. तरीही १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. संस्थानांनी मात्र धैर्य दाखविले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सक्ती सर्व राज्यभर लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. स्वतंत्र भारताच्या घटनेने चौदा वर्षांची रेघ आखली आणि दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत १९६० साली संपली. प्रत्यक्षात शिक्षणहक्काचा कायदा अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी! इंग्लंडात याच काळात शाळा सोडण्याचे वय १९४७ साली पंधरा व १९७२ साली सोळा झाले. आपली रेघ मात्र चौदावरच राहिली.

आता आपल्या भागाकडे वळू. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. ज्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ रचले, त्याची ही राजधानी. पण विद्येची प्राचीन कीर्ती शेतकऱ्याच्या पोराला नववीच्या वर्गापर्यंत नेऊन पोचवीत नाही. इंग्रजी अमलात बाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला, आणि पुन्हा जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या ९३ वर्षांत येथील माणसाला मोठ्या कामासाठी अकोल्याची वाट धरावी लागली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेला होता. तेथील १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्ती करावी की न करावी, हे स्थानिक संस्थांवर सोपविले होते. खेड्यातील शाळा बहुधा चौथीपाशी थांबे. त्यापुढे शिकायचे तर मोठे गाव गाठावे लागे. सातवीची परीक्षा उतरला की मनुष्य मास्तर होऊ शके. त्यामुळे पुढे शिकण्याची ओढ प्रथम ज्या घरांत लेखणीवर पोट चाले तेथेच होती. कुणब्याच्या, मजुराच्या घरी चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे वखरामागे चालू शकणारा गडी. तो सालदार म्हणून राहिला की वर्षाचे धान्य घरात येई. त्याला शाळेत ठेवणे म्हणजे फी भरण्यापूर्वीच एका माणसाची मजुरी सोडून देणे होते. हा हिशेब ज्याने ओळखला त्यालाच पुढचे काम साधले.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी तो ओळखला. अमरावतीला त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली आणि एका पंगतीला जेवली. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. आपल्याच कारंज्याला जैन समाजाच्या पुढाकाराने १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रमाचे गुरुकुल निघाले होते. या संस्थांचे हेतू वेगवेगळे होते. पण मुलगा गावाबाहेर राहून शिकायचा तर आधी त्याच्या ताटाची सोय पाहिजे, हे दोघांनीही जाणले होते.

महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास दुसरी लाट आली. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. खाजगी संस्थांची हायस्कुले तालुक्यांतून मोठ्या गावांत उतरली. पक्के रस्ते झाले, आणि रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा येथे सकाळी दप्तरे घेऊन उतरणारी मुले दिसू लागली. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या भागातील तांड्यांवरच्या मुलांना निवासी आश्रमशाळांनी हात दिला. आईबाप दिवाळीनंतर कामासाठी परगावी गेले तरी मूल मागे राहून शिकू शकेल, ही त्या शाळांची खरी किंमत.

मुलींची कथा मात्र निराळी सांगावी लागते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. म्हणजे लग्नाची रेघ पुढे सरकली, शाळेची चौदावरच थांबली. मधली चार वर्षे मुलीने काय करावे, हे कायद्याने सांगितले नाही. ते घराने ठरविले. धाकट्या भावंडांना सांभाळणे, निंदण, कापसाची वेचणी, आणि बापाच्या मनातील धास्ती. हायस्कूल परगावी असेल तर ती धास्ती दुप्पट होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७५ टक्के निघाली. त्या अंतरात या धास्तीचाही वाटा आहे. बारावीपर्यंत फीमाफी, एस.टी.चा मोफत पास आणि मुलींसाठीच्या निळ्या बसगाड्या यांनी जे साधले ते उपदेशाने साधले नसते.

मग आता अडचण उरली कोठे? श्रोतेहो, आठवीच्या शेवटच्या दिवशी काय काय एकदम संपते ते पाहा. शिक्षणहक्काचा कायदा संपतो. शाळेतील दुपारचे जेवण संपते. त्या कायद्याखाली मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके संपतात. सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरांच्या आत असावी असा नियम आहे. माध्यमिक शाळेसाठी २००९ च्या योजनेने पाच किलोमीटरांचे उद्दिष्ट ठेवले. अंतर वाढते तेव्हाच आधार काढून घेतला जातो. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोक्याची कामे वर्ज्य करतो. बाकीची कामे त्यांना खुलीच आहेत. सोयाबीनची सोंगणी आणि नववीची पहिली सहामाही एकाच हंगामात येतात. त्यात कोण जिंकते, हे आपण सर्व जाणतो.

२०१८ साली वाशीमची गणना देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. आठवीतून नववीत किती मुले जातात, हाही त्या मोजणीतील एक निकष आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अठरा वर्षांपर्यंतचा विचार केला, हेही योग्यच झाले. परंतु गोखल्यांच्या विधेयकापासूनचा अनुभव पाहता केवळ कागदावरील रेघेवर विसंबून चालणार नाही.

म्हणून आम्ही गावकऱ्यांपुढे तीन साधी कामे ठेवतो. जून-जुलैत आठवीची जुनी हजेरी आणि नववीची नवी हजेरी शेजारी ठेवून ताडून पाहावी. जे नाव गळले त्याच्या घरी जावे. तासिका सुटण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ जुळते की नाही, हे आगारात जाऊन विचारावे. आणि आपल्या शहरात परगावच्या मुलीला राहण्याजोगे वसतिगृह आहे काय, त्यात जागा किती, याचा हिशेब दरवर्षी जाहीरपणे मागावा. ही कामे नवीन नाहीत. ज्यांनी या वऱ्हाडात सक्तीवाचून मुले शिकविली, त्यांनी हीच केली होती.