कोंबडीच्या गाठीपासून माणसाच्या जनुकापर्यंत: ऑन्कोजीनच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोग शरीरात बाहेरून शिरतो की शरीरातूनच उपजतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या जीवशास्त्रात सुमारे सत्तर वर्षे वादाचा राहिला. आज पाठ्यपुस्तकात आपण ‘कर्करोग हा जनुकांचा आजार आहे’ असे एका वाक्यात वाचतो. हे वाक्य कसे सिद्ध झाले, ते ज्या शोधातून निघाले तो शोध अनेक वर्षे बाजूला का पडला, आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग झाला, हे या पाठात पाहू. पेशीजीवशास्त्राची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्याला हा पाठ समजण्यास अडचण येऊ नये.

दोन सुरुवाती: गुणसूत्र आणि विषाणू

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी हे समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करीत. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि त्यातून विकृत पेशी तयार होतात, हे त्यांनी पाहिले होते. यावरून १९१४ साली त्यांनी असे मांडले की घातक अर्बुदाचे मूळ एका पेशीतील गुणसूत्रांच्या बिघाडात असावे. काही गुणसूत्रे पेशीविभाजनाला चालना देतात आणि काही त्याला आवर घालतात, असाही त्यांचा अंदाज होता. पुरावा मात्र त्यांच्या हाती नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

दुसरी सुरुवात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये झाली. तेथील तरुण विकृतिशास्त्रज्ञ पेटन राऊस यांच्याकडे १९०९ साली छातीवर गाठ असलेली प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आली. राऊस यांनी गाठीचा तुकडा त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांत रुजवून दाखवला. मग त्यांनी गाठ वाटून तिचा रस जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला. त्या रसात एकही पेशी उरली नव्हती, तरीही तो टोचल्यावर नव्या कोंबड्यांना तशाच गाठी आल्या. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ सरळ होता: पेशीहून लहान अशी कोणतीतरी वस्तू, म्हणजेच विषाणू, कर्करोग घडवू शकते.

समकालीनांनी हे फारसे मनावर घेतले नाही, आणि त्यामागे कारणे होती. माणसाचा कर्करोग घरातल्या एकाकडून दुसऱ्याला होत नाही, हे प्रत्येक डॉक्टर रोज पाहत होता. सस्तन प्राण्यांच्या गाठींवर तसाच प्रयोग केला तर हाती काही लागत नव्हते. कोंबडीचा आजार कोंबडीपुरता, असे म्हणून विषय मिटला. राऊस यांनीही काही वर्षांत हे काम सोडले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी.

विषाणूतील एक जनुक

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पेशी काचेच्या बशीत वाढवण्याचे तंत्र सुधारले. १९५८ साली हॅरी रुबिन आणि हॉवर्ड टेमिन यांनी दाखवले की राऊसचा विषाणू बशीतील सामान्य पेशींच्या थरावर सोडला की काही दिवसांत बदललेल्या पेशींचे ठिपके उमटतात, आणि ते मोजता येतात. ज्यासाठी पूर्वी कोंबड्या पाळून थांबावे लागे, ते आता टेबलावर होऊ लागले.

दुसरी गोष्ट विषाणूच्या जनुकद्रव्याची. या विषाणूत डीएनए नसतो, आरएनए असतो. मग त्याने बदललेली पेशी पिढ्यान्‌पिढ्या बदललेलीच कशी राहते? विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या गुणसूत्रात बसवत असावा, असे टेमिन म्हणू लागले. माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, उलट नाही, अशी तेव्हाची समजूत असल्याने त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. १९७० साली टेमिन आणि मिझुतानी यांनी, तसेच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, हे काम करणारा विकर विषाणूच्या कणातच शोधून काढला. तोच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज.

त्याच वर्षी स्टीव्ह मार्टिन यांनी या विषाणूचा एक उत्परिवर्तित प्रकार वेगळा केला. कमी तापमानाला तो पेशींना कर्करोगी बनवी. तापमान वाढवले की पेशी पुन्हा सामान्य दिसू लागत. विषाणूची वाढ मात्र दोन्ही तापमानांना चालूच राही. म्हणजे पेशी बिघडवण्याचे काम विषाणूच्या स्वतःच्या वाढीसाठी आवश्यक नव्हते. ते एका वेगळ्या जनुकाचे होते. सार्कोमा या शब्दावरून त्याला ‘सार्क’ हे नाव पडले. हा भाग गळून गेलेले विषाणूही मिळाले. ते वाढत, पण पेशींना बिघडवत नसत.

१९७६: जनुक कोणाचे?

विषाणूला ज्याचा उपयोगच नाही असे जनुक त्याच्याकडे आले कोठून? सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत डॉमिनिक स्टेहेलाँ यांनी यासाठी एक शोधक रेणू तयार केला. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पूर्ण विषाणूच्या आरएनएवरून त्यांनी किरणोत्सारी डीएनएचे तुकडे बनवले. मग हे तुकडे सार्क नसलेल्या विषाणूच्या आरएनएबरोबर मिसळले. जे तुकडे त्याच्याशी जुळले ते काढून टाकले. जे एकटे उरले ते फक्त सार्कचे होते.

हा शोधक त्यांनी निरोगी कोंबडीच्या डीएनएत सोडला आणि तो तेथे जुळला. लावा, टर्की, बदक आणि एमू यांच्या डीएनएतही त्याला जोडीदार सापडला. कोंबडीपासून पक्षी जितका दूरच्या नात्याचा, तितकी जुळणी सैल होती. हा तपशील निर्णायक ठरला. विषाणूने अलीकडे हे जनुक पक्ष्यांत आणून टाकले असते, तर जुळणीची अशी उतरंड दिसली नसती. जनुक मुळात पक्ष्यांचे होते आणि उत्क्रांतीत कोट्यवधी वर्षे जपले गेले होते. विषाणूने ते कधीतरी पेशीतून उचलले होते. पुढे सस्तन प्राण्यांत आणि माणसातही ते आढळले.

अशा मूळ, निरोगी जनुकाला प्रोटो-ऑन्कोजीन म्हणतात आणि त्याच्या बिघडलेल्या रूपाला ऑन्कोजीन. या कामासाठी १९८९चे नोबेल बिशप आणि व्हार्मस यांना मिळाले. आपल्याला वगळल्याबद्दल स्टेहेलाँ यांनी जाहीर हरकत घेतली. प्रयोग हाताने करणारा आणि प्रयोगशाळा चालवणारा यांच्यात श्रेय कसे वाटावे, हा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही.

सार्क नेमके करते काय?

१९७७-७८ मध्ये सार्कचे प्रथिन सापडले आणि ते इतर प्रथिनांवर फॉस्फेट गट चिकटवते, म्हणजे ते कायनेज आहे, असे दिसले. तोवर माहीत असलेली कायनेजे हा गट सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर बसवत. १९७९ साली सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी अशाच एका चाचणीत जुने द्रावण पुन्हा वापरले. त्याची आम्लता किंचित बदलली होती. त्यामुळे एरवी एकत्र पडणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि फॉस्फेट टायरोसीनवर बसल्याचे उघड झाले. लवकरच सार्कही टायरोसीन कायनेजच असल्याचे दिसून आले.

निरोगी पेशीतील सार्कच्या शेपटाकडे एक टायरोसीन असतो. त्यावर फॉस्फेट बसले की शेपूट आत दुमडते आणि प्रथिन बंद राहते. विषाणूच्या सार्कमध्ये हा शेवटचा भागच नसतो. त्यामुळे ते बंद होत नाही आणि पेशीला ‘वाढ’ हा संदेश सतत मिळत राहतो.

विषाणूविना कर्करोग

माणसाच्या बहुतेक कर्करोगांत असा विषाणू नसतो. मग हे सारे माणसाला लागू होते का? रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिद आणि मायकेल विग्लर यांच्या गटांनी मानवी मूत्राशयाच्या कर्करोगपेशींचा डीएनए उंदराच्या पेशींत घातला, आणि त्या पेशी बिघडल्या. १९८२ साली जबाबदार जनुक हाती आले: रास. त्याच वर्षी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले प्रेमकुमार रेड्डी आणि त्यांचे सहकारी, तसेच वाइनबर्ग यांचा गट, यांनी निरोगी आणि बिघडलेल्या जनुकाची अक्षरे ताडून पाहिली. फरक एका अक्षराचा होता. ‘जी’च्या जागी ‘टी’ आल्याने प्रथिनातील बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसले होते. रास हे प्रथिन जीटीपी जोडलेला असताना चालू असते आणि तो मोडून स्वतःला बंद करते. या एका बदलामुळे ते मोडणे थांबते.

बोव्हेरींच्या अंदाजाचा दुसरा भाग, म्हणजे आवर घालणारी जनुके, हाही खरा ठरला. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून असा निष्कर्ष काढला की हा आजार होण्यास दोन आघात लागतात. आनुवंशिक प्रकारात त्यांपैकी पहिला जन्मतःच झालेला असतो. १९८६ साली ते जनुक वेगळे करण्यात आले. त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की विभाजनावरचा आवर सुटतो.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

१९६० साली नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसले होते. ते ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून बनते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. या अदलाबदलीत एबल हे जनुक बीसीआर या दुसऱ्या जनुकाला जोडले जाते. एबल प्रथम उंदराच्या एका विषाणूत सापडले होते आणि तेही टायरोसीन कायनेज होते. या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने या आजाराचे भवितव्य बदलले. दररोज गोळी घेऊन रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले.

भारतात प्रश्न किमतीचा होता. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध काही हजारांत मिळे. औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे नाकारले. जुन्या पदार्थाच्या नव्या रूपामुळे उपचारातील परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

समारोप

‘बाहेरून की आतून’ या वादात दोन्ही बाजूंना सत्याचा एकेक तुकडा सापडला होता. राऊस यांचा विषाणू खरोखर कर्करोग घडवत होता. पण त्याचे हत्यार पेशीचेच होते. माणसाच्या बहुतेक कर्करोगांत विषाणू नसतो म्हणून राऊस यांचे काम निरुपयोगी ठरले नाही. आपल्या पेशीतले संशयित जनुक ओळखण्याची पहिली खूण त्यानेच दिली. संशोधनाला पैसा देताना ‘याचा माणसाला उपयोग काय?’ असे विचारले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र या उदाहरणात १९११च्या कोंबडीपासून २००१च्या गोळीपर्यंत ९० वर्षे लागली, हे उत्तर देताना लक्षात ठेवावे.

स्वाध्याय

१. एमूच्या डीएनएतील सैल जुळणीवरून सार्कच्या उगमाबद्दल कोणता निष्कर्ष निघतो?
२. रासमधील बिघाड एका प्रतीत पुरतो, पण रेटिनोब्लास्टोमाच्या जनुकात दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. का?
३. राऊस यांच्या समकालीनांनी घेतलेले आक्षेप त्या काळाच्या पुराव्यानुसार योग्य होते का? चर्चा करा.