मतकेंद्राची जागा आणि मताचा हक्क

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. त्या आधी तीनच वर्षे, म्हणजे १८७० त, वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य यांवरून कोणाचेही मत नाकारता येणार नाही, अशी पंधरावी घटनादुरुस्ती त्या देशाने केली होती. जोतीरावांची कृतज्ञता अस्थानी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ग्रंथ छापून झाल्यावर चारच वर्षांनी दक्षिणेतील संघराज्याच्या फौजांचा पहारा उठला, आणि दिलेला हक्क घटनेला हात न लावता काढून कसा घ्यावा, याचे एक शास्त्रच तेथील गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी रचले.

त्या शास्त्राची ढोबळ कलमे सर्वांना ठाऊक आहेत. साउथ कॅरोलिनाने १८८२ साली प्रत्येक पदासाठी निराळी पेटी ठेवली; चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने पेटी ओळखावी कशी? मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानाचा कर आणि घटनेचे कलम वाचून वा समजून दाखविण्याची परीक्षा आणली. पण याहून एक साधी युक्ती होती, आणि तिला कायद्याचीही गरज नव्हती. ती म्हणजे मतदानाची जागा दूर नेणे, किंवा ऐन वेळी बदलणे. परीक्षा घेणारा निदान समोर उभा असतो. त्याच्याशी वाद घालता येतो. चार कोसांच्या वाटेशी वाद कसा घालावा?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे मतदाराला सामान्यतः दोन किलोमीटरांहून अधिक जावे लागू नये असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, आणि तो पाळण्यासाठी डोंगरदऱ्यांतील मूठभर मतदारांसाठीही केंद्र उभारले जाते. अमेरिकेत असा एक आयोग नाही. केंद्रे किती असावीत व कोठे, हे बहुतेक ठिकाणी काउंटीचे, म्हणजे स्थानिक मुलुखाचे, अधिकारी ठरवितात. लोकशाही गावापाशी असावी, या विचारातून ही पद्धत वाढली. पण गावातच ज्यांना कोणी विचारीत नाही, त्यांचे हित तिच्यात कसे सांभाळले जावे, हा प्रश्न उरतोच.

७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांचे दंडुके चालले, आणि त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्या कायद्याचे पाचवे कलम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांनी मतदानाच्या व्यवस्थेत कोणताही बदल करण्यापूर्वी संघराज्याच्या न्यायखात्याची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची संमती घ्यावी, असे ते कलम सांगत होते. बदलाने कोणाचे नुकसान होत नाही, हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यांवर होता; नुकसान होते हे दाखविण्याचा भार मतदारावर नव्हता. जुन्या पद्धतीचे सारे वर्म याच ठिकाणी होते, आणि कायद्याने तेथेच बोट ठेवले.

पण ‘कोणताही बदल’ यात केंद्राची जागा येते काय? मिसिसिपीतील कँटन या लहानशा शहराने १९६९ च्या निवडणुकीत संमती न घेता केंद्रे हलविली, हद्द वाढविली आणि नगरसेवक निवडण्याची रीतही बदलली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९७१ च्या निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी म्हटले, त्याचा आशय असा, की मतदानाच्या दिवशी केंद्रावर प्रत्यक्षात उतरला नाही तर कागदावरच्या हक्काला फारसा अर्थ नाही. केंद्र किती जवळ, ठळक आणि सोयीचे आहे, आणि त्याची जागा आधी कळते की नाही, या सर्वांवर तो हक्क बजावता येणे अवलंबून आहे. तेव्हापासून त्या प्रदेशांत केंद्र हलविणे ही केवळ शिपायाकरवी टेबलखुर्ची हलविण्याची बाब राहिली नाही.

२५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या प्रदेशांना पूर्वसंमती लागू करावी हे ठरविणारे सूत्र जुनाट म्हणून रद्द केले. पाचवे कलम पुस्तकात राहिले, पण त्याला लागू होण्यास प्रदेशच उरला नाही. पूर्वसंमती आहे म्हणून भेदभाव कमी दिसतो, तो कमी दिसतो म्हणून पूर्वसंमती नको, हा तर्क न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी मतात खोडला होता, आणि आम्हांस त्यांचेच म्हणणे पटते.

पुढे काय झाले? नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांच्या महासंघाने २०१९ साली मोजदाद प्रसिद्ध केली. पूर्वी या कलमाखाली असलेल्या ७५७ काउंट्यांत २०१२ ते २०१८ या काळात १,६८८ केंद्रे कमी झाली होती. त्यांतील ७५० एकट्या टेक्ससमध्ये. प्रत्येक केंद्र दुष्ट हेतूनेच बंद झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही ठिकाणी अनेक छोट्या केंद्रांऐवजी कोणालाही कोठेही मत देता येईल अशी मोठी केंद्रे आली, काही ठिकाणी टपालाने मत देणारे वाढले, काही इमारती अपंगांना गैरसोयीच्या होत्या. पण पूर्वी ही कारणे आधी सांगून पटवावी लागत. आता ती मागाहून, विचारलीच तर, सांगितली जाऊ लागली.

ॲरिझोना १९७५ पासून या कलमाखाली होते. तेथील मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्स शहर व त्याच्या परिसरात, अध्यक्षपदाच्या उमेदवार-निवडीसाठी २०१२ साली सुमारे २०० केंद्रे होती. २२ मार्च २०१६ रोजी ती ६० झाली. पैसा वाचेल, आणि बहुतेक लोक टपालाने मत देतील, असा हिशेब होता. लोक पाच-पाच तास रांगेत राहिले, आणि काही केंद्रांवरची शेवटची मते मध्यरात्र उलटल्यावर पडली. रोजंदारीवर जाणाऱ्याला पाच तास म्हणजे काय, हे हिशेबात कोणी धरले नव्हते.

जॉर्जियातील रँडॉल्फ काउंटीत साठ टक्क्यांच्या आसपास वस्ती कृष्णवर्णीयांची. ऑगस्ट २०१८ मध्ये, राज्यपालपदासाठी कृष्णवर्णीय स्त्री उमेदवार उभी असताना, तेथील नऊपैकी सात केंद्रे अपंगांच्या सोयीचे कारण सांगून बंद करण्याचे घाटत होते. गावकरी सभांना जमले, देशभर बोभाटा झाला, आणि २४ ऑगस्टला निवडणूक मंडळाने मिनिटभरात प्रस्ताव फेटाळला. अपंगांची अडचण खरी असेल, तर उतरण बांधणे हा उपाय होता. केंद्र मोडणे हा नव्हे.

अंतराचा परिणाम खरोखर किती होतो, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लॉस एंजलिस काउंटीत २००३ साली केंद्रे एकत्र केली, तेव्हा ज्यांचे केंद्र बदलले त्यांतील केंद्रावर जाऊन मत देणारे शंभरांत सुमारे तीन घटले, आणि टपालाने एकाहून थोडे अधिक भरून निघाले. आकडा लहान दिसतो. निवडणुका मात्र याहून थोड्या फरकाने जिंकल्या जातात. २०१६ च्या निवडणुकीत मोबाइल फोनच्या नोंदींवरून केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, सर्वस्वी कृष्णवर्णीय वस्तीतील मतदाराला सर्वस्वी गोऱ्या वस्तीतल्यापेक्षा २९ टक्के अधिक वेळ थांबावे लागल्याचे आढळले.

जुने सूत्र गेले तेव्हा नवे करण्याचा मार्ग न्यायालयाने काँग्रेसला मोकळा ठेवला होता. तसे विधेयक ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये सिनेटात अडले.

कॅन्ससमधील डॉज सिटी हे पाचव्या कलमाखाली कधीच नव्हते. म्हणून तेथील हकीगत मुद्दाम सांगतो. मांस-कारखान्यांच्या या शहरात बहुसंख्य वस्ती स्पॅनिशभाषकांची, मतदार सुमारे १३,००० आणि केंद्र एकच. २०१८ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीपूर्वी, बांधकामाचे कारण सांगून, तेही शहराच्या हद्दीबाहेर नेले गेले. सर्वांत जवळचा बसथांबा तेथून मैलभर दूर. नव्याने नाव नोंदविलेल्या काही मतदारांना टपालाने जुन्याच जागेचा पत्ता कळविला गेला. न्यायालयात धाव घेतली, तो मतदान इतके जवळ आले होते की आता बदल केल्यास गोंधळ वाढेल, असे न्यायाधीशांना वाटले. पुढच्या वर्षी त्याच शहरात दोन केंद्रांसाठी जागा मिळाली.