बाबांच्या फुप्फुसातला पांढरा दाणा

मागच्या दिवाळीत बाबा जिन्यावरून घसरले. बरगडी मोडली नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. बरगड्या ठीक निघाल्या, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ५ मिलिमीटरचा कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा. बाबांनी गूगल केलं, टीबी हा शब्द वाचला आणि मला फोन करून म्हणाले, "हे आत्याला सांगू नकोस."

माझी पीएचडी मॅक्रोफेज या पेशींवर आहे, म्हणजे ज्यांच्यापासून ग्रॅन्युलोमा बनतो त्यांच्यावरच. तरी त्या दिवशी मला त्यांना नीट समजावता आलं नाही. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगते.

लॅटिनमध्ये 'ग्रॅन्युलम' म्हणजे बारीक दाणा. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावरून ग्रॅन्युलोमा हा शब्द रूढ केला. नावाच्या शेवटी 'ओमा' आहे म्हणून कॅन्सर वाटतो, पण हा कॅन्सर नाही. होतं काय, तर श्वासातून आलेला जंतू मॅक्रोफेज गिळतात, पण काही जंतू आतमध्येही मरत नाहीत. मग आणखी मॅक्रोफेज जमतात, एकमेकांना चिकटतात, काही तर एकत्र होऊन महाकाय पेशी बनतात. बाहेरून लिम्फोसाइट पेशींचं कडं पडतं. टीबीमध्ये मधला भाग मरून पनीरसारखा होतो. लढाई थंडावली की पुढे त्यात कॅल्शियम साचतं. कॅल्शियम क्ष-किरण अडवतं, म्हणून स्कॅनमध्ये तो दाणा हाडासारखा पांढरा दिसतो.

आता हा दाणा टीबीचाच, असं डॉक्टरांना का वाटू लागलं? स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने पॅरिसमध्ये शवविच्छेदनं करून दाखवलं होतं, की फुप्फुसातल्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या गाठी ही क्षयाचीच रूपं आहेत. १८२६ मध्ये तो स्वतः क्षयानेच गेला. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. १९१२ मध्ये अँटोन गॉन याने मुलांच्या शवविच्छेदनांवर पुस्तक लिहिलं. पहिला संसर्ग फुप्फुसात कुठे एक छोटी जागा धरतो, ते त्याने बारकाईने मांडलं. त्या जागेला आजही 'गॉन फोकस' म्हणतात. हाच गॉन १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाहून आलेल्या पथकासोबत मुंबईत होता!

एव्हाना एक्स-रे आला होता. आता जिवंत, धडधाकट माणसांच्या छातीतही हे दाणे दिसू लागले. समीकरण पक्कं झालं: पांढरा ठिपका म्हणजे जुना टीबी.

ते मोडलं अमेरिकेत. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये अ‍ॅमॉस क्रिस्टी आणि पीटरसन या डॉक्टरांना अशी मुलं भेटत होती, ज्यांच्या एक्स-रेमध्ये ठिपके होते, पण टीबीची ट्यूबरक्युलिन चाचणी निगेटिव्ह होती. चाचणीच चुकली म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. १९४५ मध्ये त्यांनी, आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या तपासण्यांवरून कॅरोल पामर यांनी, दाखवलं की यामागे दुसराच जंतू आहे: हिस्टोप्लाझ्मा ही मातीतली बुरशी. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने समृद्ध मातीत ती वाढते. अमेरिकेतल्या मिसिसिपी-ओहायो खोऱ्यात असंख्य लोकांना ती नकळत होऊन बरीही झाली होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दाणा म्हणजे शरीराने लिहिलेली नोंद, पण त्यावर शत्रूचं नाव नसतं. ते नाव आपण परिसरावरून ताडतो. भारतात पहिला अंदाज टीबीचाच असतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण जुनी खूण असणं म्हणजे आज आजारी असणं नव्हे. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि पुढे एक्स-रेला न दिसणारे दाणेही सापडू लागले. आजार वाढले असं नाही, आपली नजर वाढली.

मग बाबांचं काय? डॉक्टरांनी खोकला, ताप, वजन विचारलं, ठिपका पूर्ण कॅल्सिफाइड आहे हे पाहिलं आणि सांगितलं, औषध नको. ठिपक्यात कॅल्शियम नसेल किंवा तो वाढत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुन्हा स्कॅन, कधी तुकडा काढून तपासणी लागते. रिपोर्ट मात्र जपून ठेवायचा, कारण पुढच्या स्कॅनशी तुलना करायला तोच कामाला येतो.

परवा बाबा आपणहून बोलले. त्यांच्या लहानपणी त्यांचे आजोबा ओसरीवर वेगळे झोपायचे, त्यांचं ताट वेगळं असायचं. का, ते मुलांना कोणी सांगितलं नाही. दाणा तिथूनच आला असं मी म्हणणार नाही. स्कॅन तेवढं सांगत नाही. पण त्या घरात आत्याही वाढली होती. "तिलाही माहीत असलेलं बरं," असं म्हणून बाबांनीच तिला फोन लावला.